हीट पंपाचं अनुदान: साडेसात हजार पौंड कसे मिळतात आणि कुठे वाया जातात

इंग्लंड किंवा वेल्समध्ये स्वतःच्या घरातला गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवला, तर सरकार ७,५०० पौंड अनुदान देतं. योजनेचं नाव बॉयलर अपग्रेड स्कीम. मे २०२२ मध्ये अर्ज घ्यायला सुरुवात झाली, तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाला ५,००० आणि जमिनीतून घेणाऱ्याला ६,००० पौंड मिळत. २३ ऑक्टोबर २०२३ पासून दोन्हींना सरसकट ७,५०० झाले. वीज आणि गॅस क्षेत्रावर देखरेख करणारी ऑफजेम ही संस्था योजना चालवते. इथे दिलेले नियम आणि दर २०२५ सालचे आहेत. नियम मधूनमधून बदलतात, त्यामुळे करारावर सही करण्याआधी ऑफजेमच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

ही रक्कम ठरलेली आहे. घासाघीस करून ती वाढत नाही आणि घर लहान आहे म्हणून कमीही होत नाही. पण पुढची पंधरा वर्षं विजेचं बिल किती येणार, हे ठरतं पंप बसवण्याआधीच्या मोजमापावर. अनुदान मिळतंय या आनंदात लोक तिकडे दुर्लक्ष करतात आणि मिळालेले पैसे हळूहळू वीज कंपनीला देऊन बसतात. म्हणून या लेखात कागदपत्रांइतकीच जागा त्या मोजमापाला दिली आहे.

आधी गणित

फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम घराबाहेरच्या हवेवर करतो: बाहेरची उष्णता ओढायची आणि आत रेडिएटरच्या पाण्यात सोडायची. वीज लागते ती फक्त उष्णता हलवायला. त्यामुळे एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते. संपूर्ण वर्षाची ही सरासरी म्हणजे एससीओपी. अनुदानासाठी तो किमान २.८ असावा लागतो. नियमात बसायला २.८ पुरतो, खिशाला मात्र तो परवडत नाही. कसं ते पाहा.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीत ऑफजेमने ठरवलेला सरासरी कमाल दर विजेला युनिटमागे २६.३५ पेन्स आणि गॅसला ६.२९ पेन्स होता. शिवाय गॅसचा स्थिर आकार रोज ३४ पेन्स, म्हणजे वर्षाला सुमारे १२४ पौंड. समजा घराला वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते आणि बॉयलरची कार्यक्षमता ८८ टक्के आहे. मग १३,६३६ युनिट गॅस जळेल. त्याचे ८५८ पौंड आणि स्थिर आकार धरून वर्षाचा खर्च ९८२ पौंड.

हीच उष्णता एससीओपी २.८ असलेल्या पंपाने दिली, तर विजेचे १,१२९ पौंड होतात. म्हणजे गॅसपेक्षा महाग. एससीओपी ३.५ असेल तर ९०३ पौंड, आणि ४ असेल तर ७९१. २.८ आणि ४ यांच्यात वर्षाला जवळपास ३४० पौंडांचा फरक पडतो. पंप पंधरा वर्षं चालला तर हा फरक पाच हजार पौंडांच्या घरात जातो. अनुदानाचा दोन तृतीयांश भाग इथेच जिरतो. शेजाऱ्याचं बिल कमी झालं आणि आपलं वाढलं, याचं कारण बहुतेक वेळा पंपाच्या कंपनीत नसतं. ते या एका आकड्यात असतं.

विजेचा दरही आपल्या हातात आहे. हीट पंप असलेल्या घरांसाठी काही कंपन्या दिवसाच्या ठराविक तासांत स्वस्त वीज देतात आणि संध्याकाळी ४ ते ७ महाग. स्वस्त तासांत घर आणि पाणी गरम करून ठेवलं आणि सरासरी दर २० पेन्सवर आला, तर एससीओपी ३.५ च्या घराचा खर्च ९०३ वरून ६८६ पौंडांवर येतो. यासाठी स्मार्ट मीटर लागतो. तो नसेल तर पंपाची चौकशी सुरू करतानाच वीज कंपनीकडे मागणी नोंदवा.

पैसे कोणाला, कसे मिळतात

अर्ज तुम्ही करायचा नसतो, आणि पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. एमसीएस (घरगुती हरित ऊर्जेची यंत्रं बसवणाऱ्यांना प्रमाणित करणारी योजना) प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर अर्ज करतो आणि ७,५०० पौंड तुमच्या बिलातून वजा करतो. ऑफजेमकडून तुम्हाला एक ईमेल येतो: अमुक इन्स्टॉलरने तुमच्या वतीने अर्ज केला आहे, तुमची संमती आहे का? हा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला आणि मुदतीत उत्तर गेलं नाही, तर अर्ज तिथेच अडतो. अर्ज गेल्याचं इन्स्टॉलरने सांगितलं की त्याच दिवसापासून स्पॅम फोल्डर बघत राहा.

संमती दिली की व्हाउचर निघतं. हवेच्या पंपासाठी ते तीन महिने चालतं, जमिनीच्या पंपासाठी सहा महिने. या मुदतीत पंप बसून सुरू झाला पाहिजे आणि इन्स्टॉलरने व्हाउचर वटवलं पाहिजे. तीन महिने भरपूर वाटतात, पण जुन्या घरांत वीजजोडणी वेळ खाते. काही जोडघरांना आणि रांगेतल्या घरांना लूप्ड सप्लाय असतो, म्हणजे दोन घरांना रस्त्यावरून एकच केबल येते. अशा घरात पंप जोडण्याआधी वितरण कंपनीला केबल वेगळी करावी लागू शकते. रस्ता खणायचा, शेजाऱ्याची परवानगी घ्यायची, यात आठवडे जातात. मीटरच्या पेटीतून शेजारच्या घराकडे जाणारी जाड केबल दिसते का, मुख्य फ्यूज ६० अँपिअरचा आहे की १०० चा, हे पहिल्याच भेटीत इन्स्टॉलरला बघायला सांगा आणि फोटो वितरण कंपनीला पाठवायला लावा. व्हाउचरचा अर्ज त्यानंतर.

पात्रतेच्या अटी फार नाहीत. घर तुमच्या मालकीचं हवं. भाड्याने दिलेलं घरही चालतं. बिल्डरकडून घेतलेलं कोरं घर चालत नाही, स्वतः बांधून घेतलेलं चालतं. सोशल हाउसिंग, म्हणजे कौन्सिलची किंवा गृहसंस्थांची भाड्याची घरं, वगळलेलं आहे. आधीची हीटिंग गॅसवर, तेलावर, एलपीजीवर किंवा थेट विजेच्या हीटरवर असावी. जुना हीट पंप बदलून नवा घेतला तर अनुदान नाही. नव्या पंपाने सगळ्या घराची हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही सांभाळलं पाहिजे, त्यामुळे बॉयलर ठेवून जोडीला पंप अशी हायब्रिड मांडणी बसत नाही. घराचा ईपीसी, म्हणजे ऊर्जेचा दाखला, गेल्या दहा वर्षांतला लागतो. पूर्वी त्या दाखल्यात माळ्याच्या किंवा भिंतीच्या इन्सुलेशनची शिफारस असेल तर ते काम आधी करावं लागे. ही अट ८ मे २०२४ पासून काढली. तरी माळ्यावर २७० मिलिमीटर लोकर नसेल तर ती घालून घ्याच, कारण त्याने पंप लहान लागतो. लीजहोल्ड, म्हणजे ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा फ्लॅट असेल तर फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची लेखी परवानगी आधी मिळवा. बहुतेक फ्लॅटवाल्यांचं घोडं इथेच अडतं.

व्हॅटचा फायदा वेगळा आहे आणि तो अनुदानाच्या जोडीला मिळतो. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२७ या काळात घरात हीट पंप बसवून देण्याच्या कामावर व्हॅट शून्य आहे. त्यात एक खाच आहे: माल आणि बसवणं एकाच कंत्राटदाराकडून घेतलं तरच ही सवलत. स्वस्त मिळाले म्हणून रेडिएटर स्वतः दुकानातून आणले, तर त्यांवर २० टक्के व्हॅट तुम्हीच भरता.

कोटेशन असं दिसायला हवं: पंप, सिलिंडर (गरम पाण्याची टाकी), सात रेडिएटर, पाइप आणि मजुरी मिळून १३,००० पौंड, व्हॅट शून्य, वजा अनुदान ७,५००, तुम्ही द्यायचे ५,५००. अनुदान वजा करून एकच आकडा लिहून देणाऱ्याकडे मूळ किंमत मागा. तीन कोटेशनं समोर ठेवली की कोणी अनुदान बघून भाव चढवलाय हे लगेच कळतं. आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या पाव भागापेक्षा जास्त देऊ नका, आणि इन्स्टॉलर ग्राहक संहितेचा, म्हणजे ग्राहकांशी व्यवहाराचे नियम घालून देणाऱ्या व्यवस्थेचा सदस्य आहे का ते विचारा. आरईसीसी आणि एचआयईएस या २०२५ मधल्या अशा दोन संहिता.

रेडिएटर, पाइप आणि पंपाचा आकार

एससीओपी कशाने ठरतो? मुख्यतः रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याच्या तापमानाने. पाणी ५५ अंशांऐवजी ४५ अंशांवर पाठवून घर उबदार राहत असेल, तर पंपाला कमी जोर लावावा लागतो आणि वीज वाचते. अडचण अशी की बॉयलरच्या काळातले रेडिएटर ७० अंशांच्या पाण्यासाठी घेतलेले असतात.

रेडिएटरवर जी क्षमता छापलेली असते, ती पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी गरम असताना मिळते. पाणी ४५ अंशांनी आत गेलं, ४० अंशांनी परत आलं आणि खोली २१ वर असली, तर हा फरक उरतो २१.५ अंश. अशा वेळी रेडिएटर छापील क्षमतेच्या फक्त एक तृतीयांश उष्णता देतो. ६०० बाय १,००० मिलिमीटरचा एकेरी पत्र्याचा रेडिएटर कागदावर साधारण १,००० वॅटचा असतो. इथे त्याच्याकडून ३३० वॅट मिळतात. बैठकीच्या खोलीला ८०० वॅट लागत असतील, तर सोफ्यामागचा तो रेडिएटर काढून त्याच लांबीचा तिहेरी लावावा लागेल. तो भिंतीपासून बराच पुढे येतो, त्यामुळे सोफा सरकवायची तयारी ठेवा. पण घरातले सगळे रेडिएटर बदलायची गरज क्वचितच पडते. शयनगृहात १८ अंश पुरतात आणि तिथला रेडिएटर बऱ्याचदा आधीच मोठा असतो. कोणता ठेवायचा आणि कोणता बदलायचा हे खोलीवार उष्णताहानीच्या तक्त्यातून ठरतं: भिंती, खिडक्या, छत, हवेची गळती यांतून प्रत्येक खोली किती वॅट गमावते याचा हिशोब. हा तक्ता इन्स्टॉलरकडून मागून घ्या. त्यात पाण्याचं डिझाइन तापमान किती धरलंय ते बघा. ५५ लिहिलं असेल तर ४५ ला किती रेडिएटर जास्त बदलावे लागतील आणि किती खर्च वाढेल, हे लेखी विचारा. वाढीव खर्च सातशे-आठशे पौंड असेल तर तो काही वर्षांत वसूल होतो.

पाइपांकडे कुणी बघत नाही, आणि पुढे तेच रडवतात. बॉयलरमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात २० अंशांचा फरक चालतो, पंपात सुमारे ५ अंशांचाच. तेवढीच उष्णता वाहायला पाणी चौपट फिरवावं लागतं: ७ किलोवॅटसाठी मिनिटाला पाचऐवजी वीस लिटर. पंपापासूनची मुख्य लाइन म्हणून २८ मिलिमीटरची घेतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही घरांत रेडिएटरपर्यंत ८ किंवा १० मिलिमीटरच्या बारीक पाइपांची जाळी असते. तिथे पुरेसं पाणी वाहत नाही, लांबच्या खोल्या थंड राहतात, आणि मग इन्स्टॉलर तापमान ५५ वर चढवून मोकळा होतो. तुमच्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हला पेन्सिलीएवढा पाइप येत असेल, तर हा प्रश्न सर्व्हेलाच काढा.

पंप किती किलोवॅटचा हवा, याचा एक ठोकताळा आहे. वर्षभरात वापरलेल्या गॅसची युनिटं भागिले २,९००. वरच्या घराचे १३,६३६ भागिले २,९०० म्हणजे ४.७ किलोवॅट. अशा घराला कोणी १२ किलोवॅटचा पंप सुचवला तर कारण विचारा. 'तुमचा कॉम्बी २४ किलोवॅटचा होता' हे कारण होत नाही. कॉम्बी म्हणजे टाकीशिवाय गरम पाणी देणारा बॉयलर, आणि त्याची ती ताकद शॉवरला तत्क्षणी गरम पाणी देण्यासाठी असते. गरजेपेक्षा मोठा पंप सौम्य हवेत सारखा चालू-बंद होतो, वीज खातो आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो.

बसवल्यावर दोन सेटिंग तपासा. वेदर कॉम्पेन्सेशन चालू आहे का? म्हणजे बाहेर १० अंश असताना पाणी ३५ वर आणि बाहेर उणे दोन असताना ४५ वर, असं आपोआप होतंय का? ते बंद ठेवून पाणी कायम ५० वर नेणारे इन्स्टॉलर आहेत, कारण मग थंडी वाजल्याची तक्रार येत नाही. बिल मात्र तुमच्याकडे येतं. दुसरं, रेडिएटरचे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह बहुतेक खोल्यांत पूर्ण उघडे ठेवा. ते बंद करत सुटलात तर पाण्याचा प्रवाह घटतो. सकाळी तासभर आणि संध्याकाळी तीन तास हीटिंग लावायची बॉयलरची सवयही सोडावी लागते. हीट पंप मंद आचेवर जवळजवळ दिवसभर चालू ठेवायचा.

पाणी, स्वयंपाक, शेजारी

कॉम्बी गेला की गरम पाण्याला सिलिंडर लागतो. साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचा, माणसाच्या उंचीचा. तीन खोल्यांच्या घराला २०० लिटरचा सुचवतात. पण उन्हाळ्यात भारतातून आई-वडील, सासू-सासरे दोन-तीन महिने राहायला येत असतील आणि सकाळी नऊच्या आत सहा आंघोळी होत असतील, तर २५० लिटरचा घ्या. नंतर बदलणं फार महाग पडतं. पाणी ४८ ते ५० अंशांवर ठेवायचं आणि लेजिओनेला जिवाणूसाठी आठवड्यातून एकदा ६० वर न्यायचं, हे पॅनलवर लावून घ्या.

गॅसची शेगडी काढावी लागते का, हा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. अनुदानासाठी काढावी लागत नाही. अट फक्त हीटिंग आणि गरम पाण्याची आहे. फुलके आणि भरताचं वांगं गॅसवर भाजायचं असेल तर खुशाल भाजा. पण शेगडीपुरतं कनेक्शन ठेवलं की वर्षाचे १२४ पौंड स्थिर आकार सुरूच राहतो. एससीओपी ३.५ च्या घराचा एकूण खर्च मग ९०३ वरून १,०२७ वर जातो, म्हणजे बॉयलरच्या ९८२ च्याही वर. इंडक्शनवर लोखंडी तवा उत्तम चालतो, ॲल्युमिनियमची पातेली आणि कुकर चालत नाहीत. स्टीलचा, तळाला इंडक्शनची खूण असलेला कुकर घ्यावा लागतो.

इंग्लंडमध्ये बाहेरचं युनिट शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर दूर ठेवायची अट २९ मे २०२५ पासून गेली, आणि युनिटचा आकार दीड घनमीटरपर्यंत चालतो. शेजाऱ्याच्या खिडकीपाशी आवाज ३७ डेसिबलच्या आत असल्याचा हिशोब इन्स्टॉलरने द्यावाच लागतो. जतन क्षेत्रात किंवा वारसा यादीतल्या घरासाठी आधी कौन्सिलला विचारा. वेल्सचे नियम वेगळे आहेत. बऱ्याच नव्या पंपांत उष्णता वाहून नेणारा पदार्थ (रेफ्रिजरंट) म्हणून आर-२९०, म्हणजे प्रोपेन असतो. तो ज्वालाग्राही आणि हवेपेक्षा जड असल्याने युनिट खिडकी, दार आणि गटाराच्या झाकणापासून कंपनीने सांगितलेल्या अंतरावर, साधारण एक मीटर दूर लागतं. अरुंद बोळात हेच नडतं. युनिटखाली थंडीत दवाचं बरंच पाणी पडतं. ते पायवाटेवर आलं तर बर्फ होऊन कुणीतरी घसरेल, म्हणून खडी भरलेला शोषखड्डा किंवा नीट उतार हवा.

दुसरीकडे असाल तर

इंग्लंडमध्येच कौटुंबिक उत्पन्न ३६,००० पौंडांच्या आत असेल आणि ईपीसी डी ते जी मध्ये असेल, तर आधी कौन्सिलकडे वॉर्म होम्स लोकल ग्रँटची चौकशी करा. ती जास्त काम करून देते. एकाच पंपावर दोन सरकारी अनुदानं घेता येत नाहीत.

स्कॉटलंडमध्ये होम एनर्जी स्कॉटलंडकडून ७,५०० पौंड, ग्रामीण भागात आणि बेटांवर ९,००० पौंड, शिवाय ७,५०० पर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं. तिथे अर्ज तुम्हीच करायचा आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. आधी काम सुरू केलं तर पैसे गेले.

जर्मनीत केएफडब्ल्यू बँकेच्या ४५८ क्रमांकाच्या योजनेत खर्चाच्या ३० टक्के मूळ अनुदान आहे. मालक स्वतः राहत असून जुना बॉयलर काढत असेल तर आणखी २०, करपात्र कौटुंबिक उत्पन्न ४०,००० युरोच्या आत असेल तर ३०, आणि प्रोपेनसारखं नैसर्गिक रेफ्रिजरंट असेल तर ५ टक्के. सगळं मिळून ७० टक्क्यांच्या वर जात नाही, आणि एका घराचा खर्च ३०,००० युरोपर्यंतच धरतात. म्हणजे जास्तीत जास्त २१,००० युरो. इन्स्टॉलरशी करार अर्जाआधी लागतो, पण 'अनुदान मिळालं तरच लागू' असं कलम त्यात हवं. ते विसरू नका.

अमेरिकेत ३० टक्के, पण २,००० डॉलरपर्यंतची करसवलत होती. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या पंपाला ती नाही. २०२५ मध्ये बसवला असेल तर त्या वर्षाच्या विवरणपत्रासोबत ५६९५ क्रमांकाचा फॉर्म जोडा. राज्यांच्या आणि वीज कंपन्यांच्या सवलती वेगळ्या चालतात.

काम संपल्यावर

शेवटचा हप्ता देण्याआधी पाच कागद हातात घ्या: एमसीएस प्रमाणपत्र, खोलीवार उष्णताहानीचा तक्ता, कमिशनिंगची (पंप सुरू करून तपासल्याची) नोंद, सिलिंडर बसवणाऱ्याचा जी३ दाखला (दाबाखालच्या गरम पाण्याच्या टाकीचं काम करण्याची पात्रता) आणि विम्याने संरक्षित कामाची हमी. ऑफजेम काही घरांची प्रत्यक्ष तपासणी करतं, तेव्हा हेच कागद विचारतात. हमी टिकवायला वर्षातून एकदा सर्व्हिसिंग लागतं. त्यात चुंबकी गाळणी साफ केली का ते उभं राहून बघा, कारण जुन्या रेडिएटरमधला काळा गाळ पहिल्या वर्षी तिथेच साठतो. पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला पंपाच्या पॅनलवरून दिलेली उष्णता आणि खाल्लेली वीज लिहून ठेवा. जानेवारीत भागाकार ३ च्या खाली राहत असेल, तर पाण्याचं तापमान दोन-दोन अंशांनी उतरवा, प्रत्येक वेळी दोन दिवस थांबा, आणि खोल्या थंड पडू लागल्या की एक पायरी मागे या. तरी आकडा हलत नसेल, तर त्या नोंदी घेऊन हमीच्या मुदतीतच इन्स्टॉलरला बोलवा.